दिसलं, पण सांगितलं नाही

दिसलेलं न सांगणारा असा माणूस अख्ख्या बहरीनमध्ये दुसरा सापडायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या ताईंचे मिस्टर, मी त्यांना भाऊजी म्हणते, पार दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात जहाजावरून देवमासे मोजतात. जहाजावर दोन वेगळ्या जागी माणसं दुर्बीण घेऊन बसतात आणि एकाला मासा दिसला तरी त्याने दुसऱ्याला सांगायचं नसतं. ज्याने त्याने आपापलं बघायचं. मग कुणाच्या नजरेतून किती सुटले ते कळतं म्हणे. जहाजावर हे ठीक आहे हो, पण भाऊजींनी तो नियम इथे सनद भागातल्या आपल्या घरीही आणला.

ताईंचं दूध उतू चाललेलं, आणि हे ओट्याशी हाताची घडी घालून उभे. ताई कडाडल्या, "अहो, दिसत नव्हतं का?" तर म्हणाले, "दिसलं की. पण मी सांगितलं असतं तर तू स्वतःहून बघितलं असतंस का?" ताई म्हणाल्या, "आता बघा तुम्हीच, दूध खलास!" एकदा मी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून त्यांच्याकडे हळदीकुंकवाला निघाले. भाऊजी जिन्यात भेटले, खाली बघून हसले आणि गप्प निघून गेले. वर बायकांनी चपला पाहिल्या, आणि मी लाजेने कोपरा सोडला नाही. पण एकदा अमवाजच्या किनाऱ्यावर सगळे फोटो काढण्यात गुंतले असताना मला पाण्यात एक काळी पाठ दिसली. चारचौघांत बोलायची माझी हिंमत नाही. भाऊजीच हळूच म्हणाले, "वहिनी, डॉल्फिन दिसला ना? केव्हाचा वाट बघतोय कुणाला दिसतो त्याची. नजर पक्की आहे तुमची." चौथीत शाळा सुटल्यापासून मला कुणी शाबासकी दिली नव्हती.

या खेपेला त्यांचा मेसेज आला, "वारा वाढलाय. फोन लागणार नाही. काळजी नको." त्यानंतर काहीच नाही. जहाजाच्या कंपनीत फोन केला की तिथला माणूस "इंशाल्ला", म्हणजे देवाची मर्जी असेल तर, एवढंच म्हणतो, आणि ताईंचा चेहरा आणखी उतरतो. भाऊजींना न सांगायची सवयच आहे, अशी मी मनाची समजूत घालते. पण मग वाटतं, समोर काही वाईट दिसलं तरी ते सांगायचे नाहीत.

आज सकाळी वर गेले तर ताई गॅसवर दूध ठेवून फोनकडे बघत उभ्या होत्या. दूध वर आलं. मी गॅस बंद केला. ताईंचे डोळे भरलेले मला दिसले. मी सांगितलं नाही. माझेही त्यांना दिसले असावेत. त्यांनीही सांगितलं नाही.