तम्माला लिफ्टमध्ये घ्या

यंदा शाळा सुरू झाली त्या पहिल्याच सोमवारी दुपारी, बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या आमच्या इमारतीत, शाळेतून दमून आलेल्या सहा वर्षांच्या ईशानला वॉचमननं लिफ्टमधून बाहेर काढलं. घर चौथ्या मजल्यावर, जिना चढला की त्याला धाप लागते. गुन्हा एवढाच, की सोबत ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता. लिफ्टशेजारच्या पाटीवरचा नियम सांगतो, सामान मागच्या लिफ्टनं न्यावं. मागची लिफ्ट बंद होती. त्यावर नियम गप्प.

सोबत सरोजाक्का होत्या. हॉस्पिटलातून घरी सोडलेल्या मुलांना घरी जाऊन सांभाळणाऱ्या नर्स. इथल्या जुन्या मराठी घरातल्या, त्यामुळे बोलण्यात कन्नड भरपूर. दारात चपला काढून आधी विचारायच्या, "येऊ का, साहेब?" ईशान ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणेपर्यंत उंबरठा ओलांडत नसत. "वॉर्डात पोर आपल्याकडं येतं, इथं आपण पाहुणे," म्हणायच्या. ईशान सिलिंडरला घाबरायचा, तेव्हा त्यांनी सिलिंडरलाच लोकरीची टोपी घातली आणि नाव ठेवलं तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. मग ईशानच त्याच्यावर दादागिरी करायला लागला. तम्माला शेगडीजवळ नेऊ नका, म्हणून आईला दटावायचा.

त्या दुपारी अक्का वॉचमनला म्हणाल्या, सामान कुठंय, हा याचा तम्मा. वॉचमननं ते शब्दशः फोनवर सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवलं. लहान भावाला कुणी अडवलं, म्हणत सेक्रेटरी धावत आले. समोर टोपीवाला सिलिंडर. सगळे हसले, सेक्रेटरी सोडून. नियम तो नियम, म्हणाले.

अक्कांनी आवाज चढवला नाही. "अण्णा, मग कानातलं यंत्र स्वल्प काढून द्या. तेवढं मागच्या लिफ्टनं पाठवू."

सेक्रेटरींचा हात कानाकडे गेला. मग त्यांनाही हसू फुटलं आणि चौथ्या मजल्याचं बटण त्यांनीच दाबलं.

ईशानची आई सिलिंडरचं सगळं शिकली तशा अक्का देवनहळ्ळीच्या एका मुलीकडे गेल्या. "मी कायमची लागले तर माझं काम फसलं," एवढंच जाताना म्हणाल्या.

पाटी मात्र अजून भिंतीवर आहे. प्रत्येक लिफ्टपाशी अशी अक्का कुठून आणायची? म्हणून आजच खाली जा, तुमच्या लिफ्टवरची पाटी वाचा आणि पुढच्या सभेत उभं राहून तिच्यात एक ओळ घालून घ्या: मुलाचं यंत्र मुलासोबतच जाईल.