फी भरून खाल्लेला मार

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी फी भरून मार खाऊ लागलो.

वजन उतरवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही झाली अधिकृत बाजू. दुसरी बाजू अशी की माझी बायको शकुंतला नरखेडजवळ तिच्या माहेरच्या गावात शिक्षिका होती आणि मी नागपुरात एका दैनिकाचा उपसंपादक. ड्यूटी साडेपाचला संपायची. त्यानंतर सकाळपर्यंत घरात बोलायचा तो फक्त रेडिओ (सेल असले तर). बॉक्सिंगच्या वर्गात निदान हजेरी घेत. दिवसातून एकदा कोणीतरी माझं नाव मोठ्यानं घ्यायचं.

सातव्या दिवशी मास्तरांनी माझ्यासमोर बोरकर नावाचे टपाल कारकून उभे केले. वजनाला माझ्या निम्मे. चष्मा काढून ठेवल्यामुळे मी त्यांना नीट दिसतही नव्हतो. तरी ठोसा डाव्या डोळ्यावर अचूक बसला.

सकाळी शेजारच्या गयाबाईंनी सुजलेला डोळा पाहिला. मी खरं ते सांगितलं. सत्तरच्या दशकात आमच्या वस्तीला आखाडा ठाऊक होता, बॉक्सिंगचा वर्ग नव्हे.

"भाऊ, फी भरून मार खाते का कोनी?" त्या म्हणाल्या. "कोनाले भेता?"

त्यांनी परस्पर नरखेड एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला की जावयाला कोणीतरी मारलं. काटोल येईपर्यंत मारणारे चार झाले. निरोप गावात उतरला तेव्हा मी दवाखान्यात होतो आणि डोळा गेलेला होता. (हा तपशील मी नंतर चौकशी करून मिळवला.)

दुसऱ्या दिवशी दारात दोन मोटारसायकली थांबल्या. मेव्हणा रामराव, त्याचे दोन दोस्त, तीन लाठ्या आणि मागच्या सीटवर शकुंतला.

"भाऊजी, नाव सांगा फक्त," रामराव म्हणाला. "बाकीचं आमच्याकडं."

बॉक्सिंगवर त्याचाही विश्वास बसेना. शेवटी संध्याकाळी सगळ्यांना वर्गात नेलं. लाठ्या पाहून बोरकर मास्तरांच्या पाठीमागे गेले. रामरावनं आधी त्यांना पाहिलं, मग बराच वेळ मला.

"यानं?"

मी मान डोलावली.

"भाऊजी, गावात चारच सांगू."

मंडळी परतली. शकुंतला मात्र रजा टाकून राहिली. डोळ्यावर हळदीचा लेप लावताना तिनं विचारलं, "काहून जाता तिथं?"

"हजेरी घेतात," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. मग लेप गरजेपेक्षा जाड झाला.

चार दिवस घरात दोन कप चहा झाला. मी उशिरा आलो तर उशीर झाला असं म्हणणारं कोणी होतं. पाचव्या दिवशी डोळा निळ्याचा पिवळा झाला, रजा संपली आणि ती एसटीत बसली.

त्याच संध्याकाळी मी बोरकरांसमोर हात खाली सोडून उभा राहिलो. ठोसा आला आणि मान आपोआप बाजूला झाली. उजवा डोळा पुढे केला, तोही वाचला. तीन आठवडे प्रामाणिक प्रयत्न करूनही मला साधा ओरखडा उठला नाही. मास्तरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

त्या दिवशी शकुंतलेला पत्र टाकलं. दोनच वाक्यं: प्रकृती ठणठणीत आहे. सुधारण्याची आशा नाही.