तरंगलेले पऱ्हे

आज आमच्या धान रोवणाऱ्या बायांमध्ये माझ्याइतकी तोंडाळ कोणी नाही, आणि हे मी मान वर करून सांगते. लग्न होऊन सिहोऱ्याकडे आले तेव्हा मात्र नवऱ्याला पाणी विचारतानाही माझी मान खाली जायची. माहेर वर्ध्याकडचं, कापसाचं. धानाची बांधी, म्हणजे पाणी साठवलेलं बांधाचं शेत, लग्नाआधी पाहिलीसुद्धा नव्हती.

पहिल्याच वर्षी सासूनं गल्लीतल्या बायांसोबत रोवण्याला धाडलं. पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, चिखलात किती खोल खुपसायचे, हे मी एका शब्दानं विचारलं नाही. लाज, दुसरं काय! शेजारी रोवणाऱ्या काकूकडे चोरून बघत मी आपली वरवर टोचत गेले.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर आम्हा दोघींच्या बाजूचे पऱ्हे पाण्यावर तरंगत होते. कोणाची ओळ कुठं संपली, ते कळायला मार्ग नव्हता. काकू साठी उलटलेली, एकटी राहणारी. आमच्या टोळीची पुढारीण तिच्यावरच घसरली, "तुहे हात गेले आता. उद्यापासून नको येऊ."

काकू आपल्या हातांकडे पाहत राहिली. मी गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं, आणि मला गप्प बसणंच येत होतं. पण तिचे ते हात बघवेनात. रडतच बोलले, "ते मी रोवले. मले येत नाही. तुम्ही हसान म्हणून विचारलं नाही. मले इथं सगळ्याचंच भेव वाटते."

हसल्याच बाया! भरपूर हसल्या. पुढं दोन वर्षं 'कापूसवाली' म्हणून चिडवलं सटव्यांनी. पण पुढारीण वाकली, माझा अंगठा धरून चिखलात दाबला. "इतकं खोल. काहून नाही विचारलं वं?" सगळा तुकडा मी पुन्हा रोवला. एक रोप सुटलं नाही.

दुपारी धुऱ्यावर, बांधाच्या कडेला बसून डबा सोडताना काकू हळूच म्हणाली, "तू बोलली नसती, तर मी मानलंच होतं पोरी, माहे हात गेले म्हणून."

त्यानंतर ती सात वर्षं रोवायला आली. माझ्यामुळं आली, हे मी कोणालाही सांगते.