वहिनींनी मशीन पुसू दिलं नाही

हे बघ बाई, तुझ्याबद्दल लिहितेय म्हणून डोळे वटारू नकोस. वाच, आणि चुकलं असेल तर तोंडावर सांग. नाही तरी मागून बोलणं तुला कुठं जमतं!

तर ही माझी शेजारीण. दिराच्या छापखान्यात अक्षरजुळणी करायची. सगळे तिला वहिनी म्हणत, बापाच्या वयाचा मशीनमनसुद्धा. कॉम्प्युटर तिचा स्वतःचा, त्यावर लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी, आत उघडून बघता येणारी प्रणाली. स्क्राइबस नावाच्या प्रोग्राममध्ये पानं लावायची, पीडीएफ करायची, मग ती फाइल ऑक्युलर, एव्हिन्स हे पीडीएफ दाखवणारे प्रोग्राम आणि ब्राउझर अशा तिन्हींत उघडून पान न् पान नजरेखालून घालायची. तिन्हींत एकसारखं दिसलं, की मगच पेनड्राइव्ह दिराच्या हातात.

एकदा परिचारिकांसाठीचं एक पुस्तक छापायला आलं, त्याला माशी शिंकली. तिच्याकडे सगळं चोख, पण छपाईच्या प्लेटा काढणाऱ्याकडे शीर्षकांच्या जागी नुसते चौकोन. शीर्षकांचा फाँट फाइलच्या पोटात घालायचा ती विसरली होती. तिच्या कॉम्प्युटरवर तो होताच, मग तिन्ही ठिकाणी नीट दिसणार नाही तर काय! घरच्याच तिघांची साक्ष काढल्यासारखं झालं.

दीर तणतणत आला. "वहिनी, ते फुकटचं काढून टाका. सगळं जग वापरतं ते आपण वापरू. उद्या माणूस येतोय तुमचं मशीन पुसून ते घालायला."

"भावोजी, चूक माझी. मशीननं तुमचं काय घोडं मारलंय?"

"प्लेटवाला हसतोय मला!"

"हसू दे. दात चांगले असतील त्याचे."

तिनं फाँट आत घातला, पीडीएफ पुन्हा केली. या वेळी फाइलीत कुठला फाँट आहे नि कुठला नाही, हे दाखवणारी आज्ञाही चालवून पाहिली. प्लेटा स्वच्छ निघाल्या. दिराचा हेका मात्र तोच.

"काम झालं, पण माझ्या छापखान्यात माझा नियम."

"मग माझंही ऐका. हे बिघडलं तर का बिघडलं, ते मला उघडून बघता येतं. तुमचं ते बिघडलं तर हात जोडून बसायचं. मी नाही बसणार."

"नका बसू!"

तिनं वायरी काढल्या आणि कॉम्प्युटरचा डबा कडेवर घेऊन भर रस्त्यातून घरी आली. मशीनमन तेवढा दार धरून उभा राहिला. घरी नवरा चाचरत म्हणाला, "अगं, भाऊ आहे माझा."

"मग जेवायला जा त्याच्याकडे."

आता बाहेरच्या खोलीत तिचं स्वतःचं काम चालतं. दिरानं निरोप धाडला, "घरून करा, पण आमचंच करा." तिनं उलट निरोप दिला, "लिनक्सवर करीन. चालत असेल तर स्वतः येऊन सांगा." तो आलेला नाही. तिचंही काही अडलेलं नाही.

दाराबाहेर पाटी हवी, म्हणून आम्ही दोघींनी रंगाऱ्याकडे जायचं ठरवलं. ती म्हणते, पाटीवर लिनक्स ठळक हवं. मी म्हणते, अगं, लोकांना अक्षरजुळणी हवीय, तुझं भांडण नकोय. चपला घालून दोनदा जिन्यापर्यंत गेलो, तिथंच वाद घालत उभ्या राहिलो आणि परत फिरलो. रंगाऱ्याकडे जायचं राहिलंय ते राहिलंयच.