पोट रिकामं हाय न्हवं?

शाहूपुरीतल्या बागेत योग शिकवणारा हा गृहस्थ मला अजूनही वैताग आणतो. ओम म्हणतो तो शेतातून हाळी घातल्यासारखा. कुणी जरा वाकून बसलं की ओरडतो, “पावणं, पाठीत कणा हाय की न्हाय?” आणि आल्या आल्या प्रत्येकाला एकच प्रश्न, “पोट रिकामं हाय न्हवं?”

दोन वर्षांपूर्वी एकदा मी “व्हय” म्हणालो आणि ते खोटं होतं. येताना म्हशी पिळून दूध विकतात त्या कट्ट्यावर धारोष्ण दूध दोन ग्लास प्यालो होतो. कपालभाती सुरू झाली आणि मी सगळ्यांसमोर ओकलो. लाजेपोटी गावभर सांगितलं, या माणसाच्या योगानं माझा जीव गेला असता. तीस जणांच्या वर्गात तिघं उरले. पुढं माझी पाठ धरली, तेव्हा मीच निमूट परत गेलो.

ती ओकारी त्यानंच मंत्र पुटपुटत धुतली होती. दुधाचा वास त्याला आला नसेल? तरी तो कुणाला बोलला नाही. मला मात्र रोज तोच प्रश्न, तेवढ्याच मोठ्यांदा.

काल वैतागून मी त्या तिघांसमोर म्हणालो, “आज रिकामं हाय. त्या दिवशी न्हवतं. दूध पिऊन आलतो.”

“ठावं हाय की,” तो म्हणाला. “आता पाठ ताठ करा.”