बॉनेटवरची पाच बोटं

ब्लोअरची नळी खांद्यावर टाकायची, तिचं तोंड आभाळाकडं करायचं आणि मशीन चालू करायच्या आधी गाडीवाल्याला विचारायचं, "काय ठेवायचं तेवढं सांगा. बाकी मी उडवतो."

विट्याहून कडेगावला जाताना रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवर तुम्ही कधी गाडी धुवून घेतली असेल, तर मामूनं हे तुम्हालाही विचारलं असेल. आणि तुम्हीही बाकीच्यांसारखे हसला असाल. लोक लय उत्तरं द्यायचे. "चार चाकं ठेवा मामू." "इंजिन ठेवा, हप्ते उडवा." एक मास्तर म्हणाले, "बायकोला उडवता येतं का बघा," आणि त्यांची बायको मागच्या सीटवरच बसलेली. मामू मात्र हसायचा नाही. खरं उत्तर मिळेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

मी तिथंच कामाला, आणि मला दुसऱ्यांचे आवाज काढायची खोड. मालकाचा फोनवरचा गोड आवाज, आणि फोन ठेवल्यावरचा खरा आवाज. ब्लोअरचा सुद्धा काढायचो: आधी मांजर गुरगुरतं, मग एकदम विमान. मामूचा तर असा काढायचो की मालक आतनं ओरडायचा, "मामू, बोलत काय बसलाय, ती पांढरी घ्या आधी!" आणि मामू पलीकडं टपरीवर चहा पीत असायचा.

मामू जतकडचा. जन्मभर गावोगाव फिरून गाद्यांचा कापूस पिंजला. मग लोकांनी दुकानातनं तयार गाद्या आणल्या आणि मामूची कापूस पिंजायची कमान माळ्यावर गेली. आमच्याकडं आला तेव्हा मी फोम मारायचो, एकजण आतनं गाडी झाडायचा आणि वाळवायचं काम मामूवर पडलं. ब्लोअर म्हणजे चाकांवरचा निळा डबा, आत दोन मोटारी आणि बाहेर हत्तीच्या सोंडेसारखी नळी. पहिल्या दिवशी मामूनं ती सोंड हातात धरली, फुंकर बघितली आणि म्हणाला, "यप्पा! हे पैलं मिळालं असतं तर माझं खांदं वाचलं असतं की रं."

गाडीत पाणी कुठं लपतं ते तुम्हालाही माहीत असेल. धुवून पुसून लख्ख केलेली गाडी रस्त्याला लागते, आणि जरा पुढं गेली की बाजूच्या आरशातनं काळपट धार दारावर उतरते. मामू पहिला आरसाच गाठायचा. नळी आत घालून म्हणायचा, "निघ भाईर. निघ. घरला जायचंय पावण्यास्नी." जणू आरशात मांजर शिरलंय.

पण "काय ठेवायचं" हे मामू पहिल्यापासून विचारत नव्हता. त्याची सुरुवात एका दसऱ्यानंतर झाली.

खंडेनवमीला आपल्याकडं गाड्यांची पूजा होते. मग दिवाळीच्या आधी सगळ्या गाड्या आमच्या दारात, कुंकवानं माखलेल्या, समोरच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. मामू त्या फुंकून काढायचा, पण गटारात जाऊ द्यायचा नाही. मला खाली पाटी धरायला लावायचा आणि सगळ्या पाकळ्या मागच्या कडुलिंबाच्या बुडात नेऊन टाकायचा. मी म्हणायचो, "मामू, तुमाला काय पडलंय?" तो म्हणायचा, "कुनाच्या तरी घरची पूजा हाय रं बाबा. पायाखाली नगं."

त्या दिवसांत एक राखाडी गाडी आली. एक पोरगा घेऊन आला. "चुलत्याची हाय. चकाचक करा, घरात पावणं येणार हायत," म्हणाला आणि किल्ली टाकून गेला. बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं उठलेली. बायका ओल्या कुंकवात बोटं बुडवून लावतात ना, तशी. ओघळलेली, उन्हानं पार करपून चिकटलेली. शाम्पूनं जाईनात. मामूनं ओलं फडकं ठेवून भिजवली, नखानं खरवडली, वरनं पॉलिश घासलं. शेवटी ब्लोअर मारून वाळवलं तर बॉनेटमध्ये अख्खा लिंब दिसायला लागला. मामू दोन पावलं मागं सरला आणि स्वतःच म्हणाला, "वा रं गड्या."

संध्याकाळी गाडी न्यायला त्याचे चुलते, सुभेदार, स्वतः आले. मिलिटरीतनं रिटायर झालेले, आता ऊस बघायचे. माणूस रिटायर, पण मिशा अजून ड्युटीवर. ते दाराकडं गेलेच नाहीत. बॉनेटपाशी थांबले.

"हितं बोटं हुती."

मामू खुश. "व्हय साहेब! लय चिकाट हुती. पर एक बी सोडली न्हाई म्या."

सुभेदारांनी त्या जागेवरनं हात फिरवला. "मंडळींनी लावली हुती," ते म्हणाले. "परवा तिचा तेरावा हाय."

मामूच्या हातातलं फडकं तसंच लोंबत राहिलं.

"तुमची काय चूक न्हाई," सुभेदार म्हणाले. "पोरानं सांगाया पायजे हुतं." गाडीत बसले आणि गेले. गाडी एवढी स्वच्छ होती की वळणावर आमचीच टपरी तिच्यात दिसली.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," मामू नंतर कितीदा म्हणाला असेल. जतकडं चुकलं की कानडीत 'तप्पाय्तु' म्हणतात. त्या संध्याकाळी मामू ब्लोअरची नळी गुंडाळत होता आणि प्रत्येक वेढ्याला तेवढा एकच शब्द म्हणत होता. मी पुढं तो आवाज कधी काढला नाही. जमला असता.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी आली आणि मामूनं विचारलं, "काय ठेवायचं?"

मग काय विचारता. मागच्या काचेवरच्या धुळीत कुठल्या पोरानं बोटानं बदक काढलंय, मामू त्याच्या आईला फोन लावायला सांगायचा. अर्धं फाटलेलं स्टिकर, दारावर खडूनं लिहिलेलं नाव, पायपुसणीतली कोकणातली वाळू, सगळ्याची चौकशी. शनिवारी गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. मालक बाहेर आला, "मामू, आपलं धुवायचं सेंटर हाय का संग्रहालय?" मी लगेच मालकाच्याच आवाजात म्हणालो, "तिकीट लावू या का?" सगळे हसले, मालकसुद्धा. मामू त्या बदकाकडं बघत उभा.

दोन-तीन महिन्यांनी सुभेदार परत आले. म्हणाले, "निस्त्या पाण्यानं धुवा. बॉनेट घासू नका." मामूनं हळूच धुतली, हळूच वाळवली. सुभेदार उन्हाकडं तोंड करून वाकले आणि बॉनेटकडं तिरकं बघायला लागले. मग पलीकडच्या बाजूनं वाकले.

"कुंकवाचा डाग ऱ्हातो म्हनत्यात," ते म्हणाले. "एखाद्यावेळी दिसंल."

दिसलं काहीच नाही. पुढच्या महिन्यात आले, परत तसेच वाकले. एवढा ताठ माणूस गुडघ्यावर हात ठेवून, एक डोळा मिटून, रिकाम्या बॉनेटवर काय शोधतोय, हे बघवत नव्हतं. मामूला तर अजिबात नाही. सुभेदार गेल्यावर तो नळावर जाऊन तोंड धुवून आला. नंतर अर्धवट काम टाकून टपरीवर बसून राहिला. मी जाऊन म्हणालो, "मामू, डाग नसतो ऱ्हात." तो म्हणाला, "म्याच घासलाय. मला ठाव न्हाई व्हय?"

तिसऱ्या खेपेला सुभेदार चहाला टपरीवर गेले आणि मी टाकीमागनं पाण्याचा पाईप घेऊन आलो, तर मामू बॉनेटपाशी. डाव्या हातात मेणाच्या पॉलिशचा डबा. उजव्या हाताची पाची बोटं त्यात बुडवली, आणि बरोबर त्या जागेवर हलकेच टेकवली. मग फडक्यानं वरवर पुसलं. नुसतं बघून काही कळत नव्हतं.

"मामू, हे काय चाललंय?"

मामू दचकला. डबा मागं लपवला. "तू माझा आवाज काढतोस न्हवं? आज काढू नगंस. आज गप ऱ्हा."

मेण लावलेल्या जागेवर पाणी थांबत नाही, हे तुम्हीही बघितलं असेल. मामूनं बॉनेटवर पाणी सोडलं आणि सुभेदारांना हाक मारली. "साहेब, हितं उभं ऱ्हावा. हितनं बघा." मग ब्लोअर लावला, अगदी लांबनं, कापसावर मारायची तशी हलकी फुंकर. पाण्याचा पातळ पडदा सरकायला लागला आणि सरकता सरकता त्याच्यात पाच जागा उघड्या पडल्या. पाच बोटं. चहूबाजूंनी पाणी, मध्ये तेवढी कोरडी. एक-दोन श्वास घेईपर्यंत दिसली, मग सगळंच बॉनेट वाळलं.

"परत," सुभेदार म्हणाले.

मामूनं परत पाणी सोडलं. परत फुंकर. सुभेदारांनी बोट दाखवत मोजली. "एक, दोन, तीन, चार..." शेवटच्यावर त्यांचं बोट थांबलं. जरा वेळ थांबलं. मग मामूच्या हाताकडं बघत म्हणाले, "पाच."

"पाचच की साहेब," मामू म्हणाला. त्याचा आवाज मला कधीच काढता आला नसता, असला झाला होता.

"व्हय," सुभेदार म्हणाले. "हायत."

त्यानंतर ते दर महिन्याला यायला लागले. आता तुम्ही म्हणाल, चला, मामूच्या जिवाला शांतता मिळाली. उलटंच झालं. नुसत्या पाण्यानं धुतलं तरी ऊन-धुळीनं महिनाभरात मेण फिकं पडतं. म्हणजे दर खेपेला मामूला परत बोटं लावावी लागायची, सुभेदारांना टपरीवर पाठवून, मला पहाऱ्याला ठेवून.

"येकदा चुकून पुसली," तो मला म्हणाला. "आता जानूनबुजून खोटी काढतोय. त्यातलं कंचं पाप मोठं रं?"

मी म्हणालो, "पॉलिश मालकाचं हाय. पाप बी त्याच्याच नावावर जाईल." एरवी मामू हसला असता.

दर महिन्याला तो ठरवायचा, आज साहेबांना सांगतो. सकाळपासून पुटपुटत तयारी करायचा. सुभेदार आले की तोंड उघडायचा, म्हणायचा, "साहेब, एक सांगायचं हुतं," आणि सुभेदार वळून बघायच्या आत ब्लोअरचं बटण दाबायचा. त्या मशीनपुढं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण आवाज काढणाऱ्याला तोंडाची हालचाल आधी शिकावी लागते, म्हणून मला कळायचं. नळी बॉनेटवर धरून, मान खाली घालून, मामू त्या विमानाच्या आवाजात सगळं सांगत असायचा. "ती माझी हायत साहेब. तिची न्हाईत. माझी हायत." मशीन बंद झालं की सुभेदार विचारायचे, "काय म्हनत हुतासा मामू?" मामू म्हणायचा, "काय न्हाई. आरशात पाणी हाय म्हनलं."

ह्या उन्हाळ्यात मामू लेकीला भेटायला जतला गेला. जाताना नळी गुंडाळून ठेवली आणि मला म्हणाला, "साहेब आलं तर माझ्या माघारी काय करू नगंस. मी आल्यावर बघतो. आवंदा सांगनारच हाय." तिकडंच झोपेत गेला. आम्हाला निरोप मिळेपर्यंत माती होऊन गेली होती.

ब्लोअर आता माझ्याकडं आहे.

परवा सुभेदार आले. मामू गेल्याचं मी सांगितलं. ते टोपी काढून लिंबाखाली बराच वेळ बसले. मग मी गाडी धुतली, नुसत्या पाण्यानं. नळी खांद्यावर टाकली, तिचं तोंड आभाळाकडं केलं, आणि मला खरंच गंमत करायची नव्हती, पण तोंडातनं आला तो मामूचा आवाज.

"काय ठेवायचं तेवढं सांगा."

सुभेदार झटकन वळले. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. ते म्हणाले, "बॉनेटवरची बोटं."

"व्हय साहेब," मी घाईनं म्हणालो. "काकूंची बोटं जशीच्या तशी..."

त्यांनी हात वर केला. "माझ्या मंडळींची करंगळी कडबाकुट्टीच्या मशिनीत सापडली हुती. लगीन झाल्या वर्साला. अर्धीच हुती." त्यांनी स्वतःची करंगळी मधनं दुमडून दाखवली. "मामूंनी पाची पुरी काढली."

मी नळी खांद्यावरनं खाली घेतली. "म्हंजी पैल्या दिवसापास्नं तुमाला... मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? ते एवढं जीव लावून काढायचं." त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "मला वाटायचं, बोललो तर त्यास्नी लागंल."

"मी लावू का परत? मेण हाय आत."

"नगं. तुजी कशाला? मामूंची हायत तेवढी ऱ्हाऊ देत."

मी पाणी सोडलं आणि लांबनं हलकी फुंकर मारली, मामू मारायचा तशी. पडदा सरकला. अंगठा आला. शेजारचं बोट आलं. मधलं आलं, फिकट. चौथ्याच्या जागी पाणी नुसतंच थरथरलं आणि पाचवं आलंच नाही. सुभेदार वाकले नाहीत. ताठ उभे राहून बघत होते.

मी मशीन बंद केलं नाही. बॉनेट कधीच वाळलं होतं, तरी नळी तशीच धरून ठेवली, आणि त्या विमानाच्या आवाजात, मान खाली घालून म्हणालो, "मामू, त्यास्नी ठाव हुतं. पैल्यापास्नं ठाव हुतं."

माझ्याच आवाजात म्हणालो.