नर्सबाईंचं पद

राज्यांची पुनर्रचना झाली आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या एकेक करून भोपाळला निघाल्या, तेव्हाची गोष्ट. आईचा हात चुलीवर भाजला होता. मी तिला रोज किला गेटच्या दवाखान्यात पट्टी बदलायला नेत असे. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे साहेबलोकांशी बोलणं माझ्याकडे.

एका सकाळी नर्सबाईंच्या खुर्चीत दवाखान्याच्या तपासणीला आलेले एक सरकारी साहेब बसले होते. प्रत्येक वाक्याआधी ते चष्मा पुसत.

मी चाचरत विचारलं, "नर्सबाई कधी येतील?"

"त्या भोपाळला गेल्या. नव्या राज्यात मनुष्यबळाची समान वाटणी व्हायला हवी." पुन्हा चष्मा पुसून ते म्हणाले, "पण काळजी नको. त्यांचं पद इथंच आहे. कागदोपत्री दवाखान्यातलं प्रत्येक पद भरलेलं आहे."

मला ते पटलंसुद्धा. आमच्या पुस्तकांत अशीच वाक्यं असतात. मी आईला समजावून सांगितलं. ती ओल्या पट्टीकडे बघत राहिली.

साहेब ऐटीत उठले, तोच खुर्चीच्या खिळ्यानं त्यांचं बोट कापलं. रक्त पाहून ते ओरडले, "सिस्टर! अरे, कोई है?"

आई शांतपणे म्हणाली, "साहेब, पद तर आहे ना इथं? त्यालाच आवाज द्या."

साहेबांनी बोट तोंडात घातलं. आम्ही दुसरा दवाखाना शोधायला पडाव भागाकडे निघालो. साहेबांचं नाव विचारायचं राहून गेलं. नर्सबाईंचं पद मात्र भरलेलं होतं, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.